नवीन स्टाफला बेडसोअरचं (एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमांचं) शिकवताना

अगं, स्लाइड्स कमी कर, मुलींना सरळ बेडपाशी ने. पेशंट कुशीवर करून माकडहाड, टाचा, ऑक्सिजनच्या नळीखालचा कान, सगळं हात लावून बघायला सांग. लाल दिसलं की बोटाने दाबायचं, पांढरं न होता लालच राहिलं तर पहिली स्टेज समजायची, आणि सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे गरम किंवा कडक लागतंय का बघायचं. तेल चोळायचं नाही (नातेवाईक हमखास चोळतात!). दर दोन तासांनी कूस बदला हे सगळ्यांना पाठ असतं, पण ३० अंशाच्या कलासाठी पाठीमागे उशी कशी लावायची, टाचा अधांतरी कशा ठेवायच्या हे करूनच घे. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते. आणि पेशंट ओढायचा नाही, ड्रॉ शीटने (पेशंटखाली आडव्या घातलेल्या चादरीने) दोघींनी उचलायचा.