इलेक्ट्रिक बेससाठी टेपवाउंड तारा निवडताना कोणत्या जाडीचा संच घ्यावा?

तुमचा बेस ३४ इंची स्केलचा (स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी), चार तारांचा. त्यावर सध्या ४५-६५-८५-१०५ जाडीच्या राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या) तारा आहेत आणि आवाज डबल बेसच्या जवळ न्यायचा आहे. टेपवाउंडच्या पाकिटांवर पहिलीच तार ५०, ६०, अगदी ६५ ची पाहून तुम्हाला दोन शंका आल्या आहेत: एवढ्या जाड तारांनी नेक वाकेल का, आणि नायलॉनची तार पिकअप, म्हणजे तारेचं कंपन टिपणारा चुंबकी भाग, पकडेल का?

पिकअपचं लगेच सांगतो, कारण ते सोपं आहे. टेपवाउंड तार नुसती नायलॉनची नसते. आत पोलादी गाभा, त्यावर धातूच्या तारेचे वेढे आणि सर्वांत वर नायलॉनची चपटी पट्टी अशी तिची रचना असते. चुंबकीय पिकअपला आतला धातू पुरतो. (ही भीती बहुधा क्लासिकल गिटारवरून येते. तिथल्या वरच्या तीन तारांत धातूच नसतो, म्हणून तिथे असा पिकअप खरोखरच निरुपयोगी ठरतो.) धातू थोडा कमी आणि पिकअपपासून किंचित दूर असल्यामुळे आवाज जरा हलका वाटू शकतो. पिकअपचे स्क्रू थोडे फिरवून तो वर घेतला की काम होतं.

आता जाडीकडे येऊ, कारण लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. पाकिटावरचा आकडा हा तारेचा व्यास आहे, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेला. तो ताण सांगत नाही. स्केल आणि सूर ठरलेले असले की ताण फक्त एकाच गोष्टीवर ठरतो: तारेच्या प्रत्येक इंचाचं वजन किती. नायलॉन पोलादाच्या मानाने फारच हलकं असतं. ६५ ची टेपवाउंड आणि ६५ ची राउंडवाउंड शेजारी ठेवली तर जाडी सारखी दिसेल, पण टेपवाउंडच्या जाडीतला बराच भाग हलक्या नायलॉनचा असतो. म्हणून त्याच सुरात ती कमी ताणाने राहते. नेक वाकण्याची भीती सोडा. बहुतेक वेळा उलटंच घडतं: ताण कमी झाल्याने नेक सरळ होतो आणि खालच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या, फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा खरखरू लागतात.

दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यातही अर्थ नाही. डॅडारिओचा ईटीबी९२ हा संच ५०-६५-८५-१०५ चा आहे, फेंडरचा ९१२० हा ५८-७२-९२-११० चा, ला बेलाचा ७६०एन हा ६०-७०-९४-११५ चा आणि रोटोसाउंडचा ट्रू बेस ८८ हा ६५-७५-१००-११५ चा. आकड्यांवरून रोटोसाउंड सर्वांत ताठ असेल असं वाटतं, पण माझ्या हाताला तोच यांत मऊ, रबरासारखा लागतो. धातू किती आणि नायलॉन किती, हे प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. ज्या कंपन्या प्रत्येक तारेचा ताण पौंडांत देतात, त्यांचा तो तक्ता जरूर पाहा. निवडीसाठी तोच आकडा कामाचा आहे.

तुमच्यासाठी माझा कौल ५०-१०५ च्या संचाला आहे. कारण आहे नट, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी. तुमच्या नटच्या खाचा ४५-१०५ साठी कापलेल्या आहेत. ५० ची तार बहुतेक नटांत बसून जाते. ६५ ची बसत नाही, खाचेच्या काठावर तरंगते, आणि मग पहिल्या फ्रेटवर सूर चढा लागतो. खाच रुंद करता येते, पण पुढे कधी राउंडवाउंडवर परतायचं झालं तर बारीक तार त्या रुंद खाचेत सैल हलत राहील. जो आवाज आवडेल की नाही हेच अजून ठाऊक नाही, त्यासाठी नट कापू नका. आवडला, आणखी जाड हवासा वाटला, मग खुशाल कापून घ्या. तेव्हा ब्रिजची भोकं आणि खुंट्यांच्या फटी ११५ ची तार घेतात का, हेही आधी पाहा.

पण त्याहीआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमचा उजवा हात किती जोरात पडतो? कमी ताणाची तार जोराने ओढली की दोन गोष्टी होतात. ती मोठा झोका घेते आणि फ्रेट्सवर आपटते. शिवाय छेडल्या क्षणी सूर किंचित वर जातो आणि मग जागेवर येतो, खालच्या ई तारेवर तर हे स्पष्ट ऐकू येतं. हलक्या बोटांनी वाजवणाऱ्याला टेपवाउंड फार सुंदर साथ देते. सगळा जीव ओतून तार खेचणाऱ्याने माझ्या मते फ्लॅटवाउंडच (चपट्या धातूच्या पट्टीचे वेढे असलेली तार) घ्यावी. तिचा ताण सहसा जास्त असतो आणि ती तो हात सोसते. पिकने वाजवत असाल तर नायलॉनची पट्टी खरवडते, तारा लवकर खराब होतात. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) करता येतो, पण धातूची खणखण येत नाही, आणि स्लॅप महत्त्वाचा असेल तर हा रस्ताच तुमचा नाही.

आवाजाबद्दल एक गैरसमज बराच पसरला आहे, की टेपवाउंड म्हणजे सर्वांत मंद, बोदा आवाज. तसं नाही. राउंडवाउंडमध्ये जवारीदार तंबोऱ्यासारखी वरच्या स्वरांची झणझण असते, ती इथे कमी होते हे खरं. पण मधला भाग मोकळा राहतो, सुराला गोलाई येते आणि तार बऱ्यापैकी लांब गुंजते. कितीतरी फ्लॅटवाउंड संच याहून जास्त गडद असतात. बोटं सरकताना होणारी किरकिर मात्र जवळजवळ नाहीशी होते, आणि फ्रेटलेस (फ्रेट्स नसलेल्या) बेसवर फिंगरबोर्डाची झीज वाचते. फ्रेटलेसवर तर मी टेपवाउंडशिवाय दुसरं काही सुचवतच नाही.

डबल बेसचा भास निम्मा तारांतून आणि निम्मा हातातून येतो. डबल बेसचा स्वर पटकन फुलतो आणि पटकन ओसरतो. म्हणून नेक संपतो त्या टोकाजवळ अंगठ्याने किंवा बोटाच्या मांसल बाजूने छेडा, तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर हलकेच टेकवा, किंवा तिथे तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा. टोनचं बटण थोडं खाली. एवढं केलंत की ५०-१०५ चा संचही पुरेसा खोल बोलतो.

पुढेमागे ३० इंची शॉर्ट स्केल बेस घेतलात तर हाच संच तिथे चालेल असं धरू नका. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे तीच तार त्याच सुरात जवळपास २२ टक्के सैल होते. शॉर्ट स्केलचा वेगळा संच मिळतो, तो घ्या. ई तार डी पर्यंत उतरवून वाजवण्याची सवय असेल तर तिथेही साधारण २१ टक्के ताण जातो. आधीच मऊ असलेल्या तारेला ते फार होतं.

तारा चढवताना एक काळजी घ्याच. खुंटीत जाणारं टोक आधी काटकोनात घट्ट वाकवा आणि त्या वाकणाच्या पुढे कापा. न वाकवता कापलं तर आतले वेढे गाभ्यावरून सुटतात आणि नवी कोरी तार मुकी होते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे. बेसमध्ये तारा मागून, लाकडातून ओवण्याची सोय असली तरी ब्रिजमधूनच ओवा, कारण त्या तीव्र वळणावर नायलॉन चिरू शकतं. मग सूर लावून बेस एक रात्र तसाच राहू द्या. सकाळी नेक पाहा, खालच्या फ्रेट्सवर खरखर असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) अगदी थोडा, एक अष्टमांश फेऱ्याच्या हिशोबाने सैल करा, त्यानंतर सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या भागाची) उंची आणि शेवटी इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेट्सवर सूर बरोबर लागतो का ते. हा क्रम उलटा केलात तर सगळं पुन्हा करावं लागेल. सुरुवातीचे काही दिवस तारा उतरत राहतील. नायलॉन ताणून स्थिर व्हायला वेळ घेतं, त्यात तारेचा दोष नसतो.

निगा फारशी लागत नाही. घाम धातूपर्यंत पोचत नाही, मळ साठायला खाचा नसतात, त्यामुळे बोटांनी वाजवलेला संच वर्षानुवर्षं टिकतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. राउंडवाउंड तारा उकळून उजळवायची युक्ती मात्र इथे मुळीच करू नका.