नागपूरच्या उन्हाळ्यात बारीक, महागडी सिगार कशी जपावी आणि कशी ओढावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चित्रांवरून सुचलेल्या नक्षीच्या डब्यात पाच लांब, बारीक सिगार भेट आल्या आहेत. घर नागपुरात, घरात कूलर, महिना एप्रिलचा. सुताराकडून सागाची पेटी करून घ्यावी का, आणि त्या ओढाव्यात कशा?

सुताराला तूर्त थांबवा. सिलिकॉनची रबरपट्टी आणि चारही बाजूंनी कड्या असलेला दीड-दोन लिटरचा नवा, वास नसलेला डबा आणा. त्यात ६५ टक्क्यांची, दोन्हीकडून काम करणारी ६० ग्रॅमची आर्द्रतेची पुडी ठेवा (बोव्हेडा कंपनीची किंवा तशीच) आणि सिगार आजच त्यात हलवा. ही पुडी हवा कोरडी झाली की ओल सोडते, दमट झाली की शोषून घेते. ओला स्पंज, गाजराची फोड, ओलं फडकं यातलं काही ठेवू नका. साध्या पाण्यामुळे डब्यातली आर्द्रता थेट शंभरीकडे जाते आणि बुरशी धरते.

घाई करायला सांगतोय त्याला कारण आहे. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात. एक रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. लान्सेरो हा बारीक सिगारचा नामांकित आकार साधारण साडेसात इंच लांब आणि ३८ रिंग गेजचा, म्हणजे जेमतेम १५ मिलिमीटर जाड असतो. नेहमीची रोबुस्तो ५० रिंग गेजची, म्हणजे २० मिलिमीटरच्या आसपास. व्यास कमी झाला की आतल्या तंबाखूच्या मानाने बाहेरच्या पानाचा, म्हणजे रॅपरचा, वाटा वाढतो. या दोन आकारांत तो फरक सुमारे ३० टक्के भरतो. म्हणून बारीक सिगारमध्ये रॅपरची चव उठून दिसते आणि जाणकार तिच्यावर जीव टाकतात. पण याच कारणाने ती लवकर सुकते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली असते, तिथे उघडी सिगार दोन-तीन दिवसांत कडक होते. पहिली खूण कागदी पट्टीवर दिसते: पट्टी सैल होऊन सिगारवर सहज घसरू लागली तर आतला तंबाखू आकसलाय असं समजा.

बरेच जण ७० टक्के सांगतात. बारीक सिगारला मी ६५ च सांगेन. ती मुळातच घट्ट वळलेली असते. पान जरा जास्त फुगलं की धुराची वाट बंद होते आणि कितीही ओढा, हाती काही लागत नाही.

कूलर चालतो त्याच खोलीत ठेवली म्हणजे ओल मिळेल, हा समज सोडा. कूलर चालू असताना खोली दमट, बंद केला की दोन तासांत कोरडीठाक. या चढउतारानेच रॅपरला भेगा जातात. शिवाय कूलरला वाळ्याच्या ताट्या असतील तर त्यांचा वास तंबाखूत हमखास उतरतो. मसाल्याच्या कपाटाचंही तेच. डबा आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, खालच्या कप्प्यात, थर्माकोलच्या पेटीत घालून ठेवा.

उष्णतेचं खरं संकट म्हणजे तंबाखूचा भुंगा. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की ती फुटायचा धोका वाढतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तेव्हा नशिबावर सोडू नका. सिगार दोन झिपच्या पिशव्यांत हवा काढून बंद करा. एक दिवस फ्रीजमध्ये, मग उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये तीन दिवस, परत एक दिवस फ्रीजमध्ये, आणि मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मधली फ्रीजची पायरी गाळली तर बारीक सिगारचं पान तडकतं. आधीच सुकलेल्या सिगारला मात्र हे करू नका. तिला पहिल्यांदा ६२ टक्क्यांच्या पुडीवर दहा-बारा दिवस ठेवा, मग ६५ वर. एकदम ओल दिली की आतली पानं फुगतात आणि बाहेरचं फाटतं.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ आणि काही थेंब पाणी, नुसतं ओलसर व्हावं इतकं. मापकासह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. जेवढा फरक दिसेल तेवढा कायम धरून चाला.

आता सागाची पेटी. बाहेरून साग छानच, पण आतून नको. त्याला स्वतःचा तेलकट वास असतो. देवदार तर मुळीच नको, त्याच्या राळेचा वास सिगारला चिकटतो. सिगारच्या पेट्यांत जो सिडार म्हणतात तो देवदार नव्हेच; तो महोगनी-कडुनिंबाच्या कुळातला मध्य-दक्षिण अमेरिकेतला वृक्ष आहे. पाच सिगारसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. चित्रांचा डबा मात्र जपा. सिगारच्या डब्यांवर रंगीत शिळाछापाची आणि सोनेरी उठावाची चित्रं लावण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या क्यूबापासूनची आहे. तो उन्हात ठेवला तर रंग उडतील, आणि ताज्या वॉर्निशचा वास येत असेल तर सिगार त्यात परत ठेवू नका.

ओढण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. धूर छातीत घेतला नाही तरी सिगारचं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. खर्रा खात असाल तर ही भेट कोणाला तरी देऊन टाका. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे; घरातही लहान मुलं असतील तर गच्चीवर जा.

लान्सेरोच्या टोकाला बहुधा पानाची पिळलेली शेंडी असते. ती धारदार कटरने टोपीच्या, म्हणजे तोंडाकडचं टोक झाकणाऱ्या पानाच्या तुकड्याच्या, वरच्या भागातच, दीड-दोन मिलिमीटर कापा. टोपीची रेषा ओलांडली की रॅपर उलगडत जातं. भोक पाडणारा पंच इथे नको, एवढ्याशा टोपीला तो फोडतो. पेटवायला ब्यूटेनची मऊ ज्योत किंवा लांब काडी घ्या. जेट लायटरची जोरदार ज्योत एवढ्याशा टोकाला जाळून टाकते आणि पहिलीच चव कडू लागते. ज्योत टोकाला न टेकवता फिरवत भाजा, कडेपर्यंत सारखं लालसर झालं की मगच ओढा. पंखा बंद ठेवा, वाऱ्याने एक बाजू पुढे जळत जाते.

मिनिटाला एक हलका झुरका, त्याहून घाई नको. बारीक सिगारमध्ये तंबाखू कमी, म्हणून ती पटकन तापते आणि तापली की तिखट होते; फार वेळ सोडली तर विझते. विझली तर राख झटकून, एकदा बाहेर फुंकून पुन्हा पेटवा. राख दोन सेंटीमीटर झाली की स्वतःच पाडा. बोटांना चटका जाणवू लागला, साधारण शेवटचे चार-पाच सेंटीमीटर उरले, की राखदाणीत ठेवून द्या. ती आपोआप विझते. चिरडू नका, वास खोलीभर होतो. आणि अर्धी राहिलेली सिगार त्या डब्यात परत ठेवू नका, उरलेल्या चारींना तिचा जळका वास लागेल.