चिमी इंटरव्ह्यूत गप्प बसली

मावशी,
आम्ही बेळगावातल्या अनगोळात राहतो. हे उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, मी घरीच ब्लाऊज शिवते. आमच्या चिमीला एप्रिलमध्ये चार पूर्ण होतील. गेल्या महिन्यात एका इंग्लिश मीडियम शाळेत एलकेजीसाठी तिचा इंटरव्ह्यू झाला. घरी ए टू झेड, रंग, प्राणी सगळं घडाघडा म्हणते. तिथं टीचरनी नाव विचारलं, तर माझ्या ओढणीत तोंड लपवून बसली. लिस्टमध्ये नाव आलं नाही. जावेच्या मुलाचं, म्हणजे तो आषाढातला, त्याच शाळेत झालं. तिनं घरोघरी कुंदा वाटला. रिक्षातून येताना मी चिमीला नको नको ते बोलले. आता तीन आठवड्यांनी दुसऱ्या शाळेचा इंटरव्ह्यू आहे. रोज दोन तास फ्लॅशकार्ड घेऊन बसवते. वर्षभर बंद असलेलं रात्रीचं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय. हे म्हणतात, मराठी शाळेत घालू. सासूबाई म्हणतात, घरात मराठी बोलता म्हणून पोर मागं पडलं. मी काय करू?
– चिमीची आई, अनगोळ

चिमीच्या आई,

ती फ्लॅशकार्डं आजच कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव. अंथरुणाचं आधी बोलते, कारण ते शाळेपेक्षा महत्त्वाचं आहे. चार वर्षांच्या आतलं मूल अधूनमधून झोपेत ओलं करतं, त्यात काही विशेष नाही. पण सहा महिन्यांहून जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, तर मनावरचा ताण हे एक कारण असू शकतं, आणि लघवीचा संसर्ग किंवा दुसरं काही दुखणंही असू शकतं. म्हणून या आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे ने, लघवी तपासून घे. तिला फार तहान लागते का, वारंवार लघवीला जाते का, हेही त्यांना सांग. सकाळी चादर बदलताना एक शब्दही बोलू नकोस. सासूबाईंनाही तसं सांगून ठेव.

आता त्या इंटरव्ह्यूकडे येऊ. चिमी इंग्रजीत नापास झाली असं तू धरून चाललीस. मला तसं वाटत नाही. अनोळखी खोली, समोर अनोळखी बाई, घरात कुणी तिच्याशी ज्या भाषेत बोलत नाही त्या भाषेतला प्रश्न, आणि शेजारी श्वास रोखून बसलेली आई. अशा वेळी आईच्या ओढणीत तोंड लपवणं हे साडेतीन-पावणेचार वर्षांच्या पोराचं शहाणपण आहे. घाबरल्यावर कुणाकडे वळायचं हे तिला ठाऊक आहे. घरी ए टू झेड म्हणणं ही पाठांतराची गोष्ट झाली, आणि पाठांतर परक्या माणसासमोर सगळ्यात आधी पळून जातं.

एलकेजीच्या पाच-दहा मिनिटांत शाळा साधारण काय बघतात? मूल खोलीत बसतं का, ठोकळे किंवा चित्र समोर ठेवलं तर हात लावतं का, "लाल बॉल घे आणि डब्यात ठेव" असं दोन पायऱ्यांचं काम करतं का, शू लागली तर सांगतं का. काही शाळा एबीसीडी आणि आकडेही विचारतात, ते मी नाकारत नाही. पण खडू-पेन्सिल हाती दिली, तर या वयाच्या मुलाकडून काय येतं ते ऐक. तीन वर्षांच्या सुमारास गोल, चारच्या सुमारास अधिकची खूण, आणि चौकोन त्याच्याही पुढं. बोटांचे सांधे आणि स्नायू तयार होत असतात, त्यांना शिकवणी लावून घाई करता येत नाही.

आणि जावेच्या मुलाशी तुलना करण्याआधी महिने मोज. तो आषाढातला, चिमी एप्रिलची. म्हणजे तो नऊ-दहा महिन्यांनी मोठा. तुझ्या-माझ्या वयात दहा महिने कुठल्या कुठे जातात, चार वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातला मात्र तो जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. एका बाकावर दोघांना बसवून एकच प्रश्न विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. बहुतेक ठिकाणी ते घेतलं जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

मग तीन आठवडे करायचं काय? तिला माणसांची सवय कर. भाजीवाल्याकडे तू मागं उभी राहा आणि "काका, कोथिंबीर द्या" हे तिला म्हणू दे. पहिल्या दिवशी कुजबुजेल, चालेल. दळण आणायला, देवळात, शेजारच्या कन्नड अक्कांकडे वाटीभर साखर पोचवायला तिला बरोबर ने. अक्कांशी ती मोडकंतोडकं कन्नड बोलत असेलच. अनगोळातली बहुतेक पोरं खेळता खेळताच ते शिकतात. तिथं ती बोलते म्हणजे परक्या भाषेत तोंड उघडायची तिची तयारी आहे, एवढं तुला कळेल.

तू शिवणकाम करतेस. तुझा बटणांचा डबा म्हणजे तिची सगळी तयारी आहे. जवळ बसून तिला रंगावरून, मोठ्या-लहानावरून, दोन भोकं-चार भोकं बघून बटणं वेगळी करू दे. जाड दोऱ्यात ओवू दे. "तीन निळी दे" म्हणून माग. चिंध्यांचे गोल आणि चौकोन तिच्याकडून निवडून घे. वाटाणे सोलू दे, कणकेचा गोळा मळू दे. यात अंक, आकार, बोटांचं बळ आणि सूचना ऐकणं सगळं येतं, आणि आपली परीक्षा चाललीय असं तिला वाटत नाही. दिवसाला अर्धा तास पुरे, तोही तिला हवा असेल तर.

"शाळा-शाळा" खेळा, पण टीचर तिला होऊ दे. विद्यार्थी तू. मग बघ, तिच्या टीचरच्या आवाजात तुला तुझाच आवाज ऐकू येईल. तो कसा येतोय याकडे लक्ष दे. या खेळात पाच-सहा इंग्रजी वाक्यं येऊ देत: नाव काय, आवडतं फळ कोणतं, घरी कोण कोण असतं. याहून जास्त नको. आणि शक्य असेल तर एका संध्याकाळी त्या शाळेच्या फाटकापर्यंत सहज फिरून या. पाहिलेली जागा निम्मी ओळखीची होते.

इंटरव्ह्यूच्या दिवशी नवा टोचणारा फ्रॉक नको, रोजचा धुतलेला घाल. पोटभर खाऊ घालून ने. निघताना "नीट बोल हं" म्हणू नकोस, एवढं सांग: "एक टीचर तुझ्याशी खेळणार आहेत. मी तिथंच असेन." तुला बाहेर बसायला सांगणार असतील तर ते आधी फोन करून विचारून घे आणि चिमीलाही आधी सांग. खोलीत गेल्यावर टीचरना शांतपणे म्हण, "आम्ही घरी मराठी बोलतो. तिला दोन मिनिटं दिलीत तर बोलेल." हे सांगण्यात कमीपणा काही नाही. चांगली टीचर असेल तर तिला याची मदतच होते. आणि परत येताना कसं झालं हे रिक्षात विचारू नकोस. ती आपणहून सांगेल तेव्हा ऐक.

आता सासूबाईंचं म्हणणं. वडीलधाऱ्या आहेत, नातीच्या काळजीनंच बोलतात, पण या बाबतीत त्यांचं चुकतंय. घरातल्या भाषेमुळे मूल मागं पडत नाही. जे मूल एका भाषेत गोष्ट सांगायला, भांडायला, कारण द्यायला शिकतं, ते दुसरी भाषाही त्याच बळावर उचलतं. तू घाईघाईनं "चिमी, कम, ईट" सुरू केलंस, तर तिला चांगली इंग्रजी मिळणार नाही आणि भरभरून बोलणारी आईही मिळणार नाही. नव्या भाषेच्या वर्गात गेलेली मुलं काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकत बसतात. त्यांना समजत असतं, बोलणं नंतर येतं. हां, ती घराबाहेर कुणाशीच, अगदी मराठीतही, महिनोन् महिने बोलत नसेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर कान तपासून घे आणि डॉक्टरांना सांग. तुझ्या पत्रातून तसं दिसत नाही.

शिवाय आपल्या भागात मूल एका भाषेवर थांबत नाही. कर्नाटकाच्या 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं इथल्या शाळांत पहिलीपासून कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं सक्तीचं केलंय, बोर्ड कुठलंही असो. म्हणजे चिमी कुठंही गेली तरी शाळेत इंग्रजी आणि कन्नड येणारच. मराठी कोण देणार? घरच देणार. शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं, असं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणतं. 1956 पासून या सीमाभागात माणसांनी काय काय सोसून ही भाषा घरात, गल्लीत, देवळात टिकवली. "मराठीमुळे तुला शाळेत घेतलं नाही" हे चार वर्षांच्या मुलीच्या कानावर पडता कामा नये. तसं ऐकलेलं मूल पुढं आजीशीही मराठीत बोलायला लाजतं.

कायद्याचंही तुला माहीत असू दे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमानं प्रवेशासाठी मुलांची किंवा आईवडिलांची चाळणी लावायला आणि डोनेशन घ्यायला मनाई केलीय. चाळणी लावली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी 50,000 पर्यंत दंड आहे. पण त्या कायद्यात मूल म्हणजे 6 ते 14 वर्षांचं, त्यामुळे एलकेजीला तो कितपत लागू यावर वाद होतो. आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये त्यातून वगळलंय. बेळगावातल्या अनेक नावाजलेल्या शाळा अशाच संस्थांच्या आहेत. तेव्हा कायद्याचा कागद घेऊन ऑफिसात भांडायला जाऊ नकोस, त्यानं चिमीचं काही साधणार नाही. पण पावतीशिवाय कुणी पैसे मागितले, तर देऊ नका आणि बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसात लेखी तक्रार द्या. तुमच्या घरच्या बेतात हप्ता काढून डोनेशन भरणं बसत नाही, हे तुझ्या पत्रात लिहिलेलं नसलं तरी मला दिसतं.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला उडवून लावण्यासारखं वाटत नाही. दोघं मिळून एखाद्या कामाच्या दिवशी त्या मराठी शाळेत जाऊन या. किती वर्गांना किती शिक्षक आहेत, टीचर मुलांशी बोलतात का, संडास-बाथरूम स्वच्छ आहे का, पोरं हसतात का, ते बघा. हेच प्रश्न इंग्लिश मीडियमच्या शाळेलाही लावा. शाळा चांगली असेल तर मराठीतून सुरुवात करणं हा माझ्या मते चिमीसाठी उत्तम रस्ता आहे. शिक्षकच नसतील तर नुसत्या अभिमानापायी तिला तिथं बसवू नका. पण एक वाक्य आजपासून बंद: "नाहीतर मराठी शाळेत टाकीन." उद्या ती खरंच त्या शाळेत गेली, तर शिक्षा म्हणून जाईल.

रिक्षातलं बोलणं तुला टोचतंय, म्हणून तू ते लिहिलंस. मग तिलाही सांग. साधं सांग: "त्या दिवशी आई तुझ्यावर ओरडली, ते आईचं चुकलं. तू काही वाईट केलं नव्हतंस." त्या वयाच्या मुलांना हे पूर्ण समजतं. आणि पुढच्या रविवारी जावेकडे जा, पुतण्याचे लाड कर, चिमीला त्याच्याशी खेळू दे. मोठ्यांच्या चढाओढीत ती दोन भावंडं तुटायला नकोत.

दुसऱ्या यादीतही नाव आलं नाही तर? एक वर्ष जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाऊ दे, आणि मग यूकेजीला किंवा पहिलीला पुन्हा अर्ज करा. कर्नाटकात पहिलीला 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, असा 2022 चा आदेश आहे. 2025-26 मध्ये तेवढ्या एका वर्षापुरती सवलत दिली होती. तेव्हा तिच्या हातात अजून दोन वर्षं आहेत. बदलीच्या नोकरीतली, लष्करातली कुटुंबं बेळगाव सोडून जात असतात, त्यामुळे मधल्या वर्गांत जागाही रिकाम्या होतात. बालवाडीचा फॉर्म मात्र आताच आणून भरून ठेव. इंटरव्ह्यूच्या दिवशी तो तुझ्या पर्समध्ये असला, तर तुझे हात थरथरणार नाहीत, आणि ते चिमीला लगेच कळेल.

– मावशी