औषध पाझरते, त्याचे 'विमोचन' होत नाही

गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाचकाने विचारले आहे: महिनाभर पुरणाऱ्या पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) इंजेक्शनातल्या मायक्रोस्फिअरमधून, म्हणजे औषध भरलेल्या अतिसूक्ष्म गोळ्यांमधून, औषध किती वेगाने बाहेर येते, ते पाहणाऱ्या चाचणीला 'विमोचन चाचणी' म्हणावे की 'विरघळण चाचणी'? आणि मायक्रोस्फिअरला मराठीत काय म्हणावे?

मायक्रोस्फिअरला 'सूक्ष्मगोल' म्हणा.

'विमोचन' मात्र नको. पणजीत पुस्तकांची 'विमोचने' ऐकून कान किटले, आता तो शब्द प्रयोगशाळेतही शिरतोय! विमोचन म्हणजे बांधलेले सोडून देणे. दावे सोडले, काम झाले. इथले काम महिनाभर चालते. 'विरघळण' तर दिशाभूलच करतो. मीठ विरघळते. ल्युप्रोलाइडसारख्या पेप्टाइडचे सूक्ष्मगोल पीएलजीए या पॉलिमरचे असतात आणि तो पाण्यात विरघळत नाही. ३७ अंश सेल्सिअसला, ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ते ठेवले की पृष्ठभागालगतचे औषध आधी बाहेर येते. मग आत शिरलेले पाणी पॉलिमरच्या साखळ्या तोडते, लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल तयार होते, छिद्रे वाढतात आणि आतले औषध सावकाश येत राहते. ठरल्या वेळी गोल तळाशी बसवून वरचा बफर काढायचा (एखादा गोल पिपेटमध्ये आला की आकडा बिघडलाच), तेवढाच ताजा बफर घालायचा, काढलेल्यातले औषध एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायचे. औषधाच्या अशा सावकाश येण्याला पाझरणेच म्हणतात. वेर्ण्याच्या सड्यावर मुरलेला पाऊस खाली केसरव्हाळच्या झरीला येतो, तसेच.

आणि 'पाझर' काय शब्द आहे! संस्कृत 'प्रक्षरति', प्राकृत 'पज्झरइ', मराठी 'पाझरणे'. धातू 'क्षर्', म्हणजे वाहणे, गळणे. जे क्षरत नाही ते 'अक्षर'. म्हणजे तुमच्या नळीतला पाझर आणि माझ्या लेखणीतले अक्षर एकाच घरचे. झरा आणि झर त्याच कुळातले.

पण क्ष चा झ कसा? क्षेत्राचे शेत झाले, क्षाराचे खार, क्षणाचा सण. झ होतो तो मोजक्या शब्दांत, आणि त्यांना 'तुरळक अपवाद' म्हणून बाजूला सारणाऱ्या पंडितांशी माझे मुळीच जमत नाही. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेत, याच 'क्षर्'चा भाऊबंद धातू घोष वर्णांनी (ग, ज यांसारख्या, घशातल्या कंपासह उच्चारल्या जाणाऱ्या) सुरू होतो. म्हणजे मूळ उच्चारच वेगळा होता; संस्कृताने घोष आणि अघोष असे दोन्ही गट एका 'क्ष'मध्ये कोंबले आणि प्राकृताने जुना भेद जपला. ज्यांना अपभ्रष्ट म्हणून हिणवले, त्या बोलींकडे संस्कृतापेक्षा जुनी खूण आहे! दुसरा साक्षीदार हवा असेल तर 'झिजणे' घ्या: 'क्षीयते', 'झिज्जइ', झिजणे. तिथेही तोच झ.

आता गंमत पाहा. सूक्ष्मगोलातून औषध बाहेर येण्याच्या वाटा मुख्यतः दोनच: औषध पाझरते आणि पॉलिमर झिजतो. दोन्ही क्रियापदे मराठीत तयार आहेत, दोन्ही त्या जुन्या झ ची. निकाल लवकर हवा म्हणून तापमान वाढवून चाचणी करतात, तेव्हा पॉलिमर मऊ पडून या दोन वाटांचे प्रमाण बदलू शकते. ते एका 'विमोचना'त कसे सांगणार? अहवालात 'पाझर' आणि 'झीज' असे दोन रकाने करा.