एकच अमिनो आम्ल बदलल्याने सिकलसेल आजार कसा होतो?

बदललेलं अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात तो घटक) हिमोग्लोबिनच्या, म्हणजे लाल पेशीतल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या, बाहेरच्या पृष्ठभागावर असतं आणि तिथे विद्युतभार असलेल्या, पाण्याशी जमवून घेणाऱ्या ग्लुटामिक आम्लाऐवजी पाणी टाळणारं व्हॅलिन येतं, म्हणून. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, बदल फक्त सहाव्या जागी. शास्त्रज्ञ व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिजमध्ये तो शोधला. खरी गंमत ऑक्सिजन सुटल्यावर आहे. तेव्हा हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो, त्यात पाणी टाळणारी एक खाच उघडी पडते आणि शेजारच्या रेणूचं व्हॅलिन नेमकं तिथे बसतं. असे रेणू एकाला एक जोडले जाऊन लांब, ताठ तंतू बनतात आणि लाल पेशीला विळ्यासारखा बाक येतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातूनच या आजारातल्या असह्य वेदना होतात.

मात्र आईवडिलांपैकी एकाकडूनच हा बदल असलेला जनुक आला आणि दुसरा सामान्य असेल, तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा त्रास होत नाही. गडचिरोली, नंदुरबारकडे तपासणीत आधी करतात ती सोल्युबिलिटी चाचणी (सिकल हिमोग्लोबिन आहे का एवढंच सांगणारी) वाहक आणि रुग्ण दोघांचीही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, केल्याशिवाय कुणालाही रुग्ण ठरवू नका.