डुकराच्या पीईडी विषाणूतलं एन प्रोटीन फक्त आरएनए गुंडाळायलाच असतं का?

नाही जी, तेवढंच नाही. पीईडी म्हणजे डुकराच्या पिल्लांना जीवघेणी हगवण लावणारा कोरोना जातीचा विषाणू, अन् एन (न्यूक्लिओकॅप्सिड) हे त्याच्या कणाच्या आतलं प्रोटीन. पुढं तुम्ही विचारलं की टेस्ट एनची अन् लस स्पाइकची (कणाच्या बाहेर काट्यासारखं असते ते प्रोटीन) असं काऊन, तेही यातच येते. मी हिंगणघाटकडे गुरांचा डॉक्टर आहे, एमव्हीएससी मायक्रोबायोलॉजीत केलं म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा.

गुंडाळायचं काम आहेच. आरएनए म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती, जवळपास 28,000 अक्षरांचा एकच लांब धागा, तो एवढ्याशा कणात मावायचा तर जिनिंगमध्ये रुई दाबून गाठ बांधतात तसा दाबावाच लागते. एनचा एक भाग आरएनए धरतो, दुसरा भाग बाजूच्या एनला.

पण मले त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटते. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते, त्यासाठी टीबीके1 नावाच्या एन्झाइमला आयआरएफ3 (इंटरफेरॉनचं जनुक सुरू करणारं प्रोटीन) चालू करावं लागते, अन् एन नेमकं त्या टीबीके1 ला जाऊन चिकटते, मग निरोप पुढं जातच नाही आणि इकडे विषाणू आतड्यात वाढून राहिला असतो. आठवड्याच्या आतलं पिल्लू असलं की पिवळं पाण्यासारखं हगते, न पचलेलं दूध ओकते, आणि मेल्यावर पोट उघडलं तर आतड्याची भिंत इतकी पातळ की आतलं पाणी बाहेरून दिसते. (अशी हगवण ई. कोलाय जंतूनं, रोटा विषाणूनंही होते, नुसतं पाहून ठरवू नका.)

आता टेस्टचं. एन भरपूर बनते, स्ट्रेन बदलला तरी फारसं बदलत नाही, म्हणून एलायझाला (रक्तातल्या अँटीबॉडी शोधायची टेस्ट) सोयीचं. पण ते कणाच्या आत असते, अँटीबॉडी तिथं पोचणार कशी? पेशीला धरते ते बाहेरचं स्पाइक, म्हणून लसीत ते लागतेच. स्पाइकचं महत्त्व किती ते टीजीई विषाणूत (डुकराला हगवण लावणारा दुसरा कोरोना विषाणू) दिसते, त्याच्या स्पाइकचा एक तुकडा गळाला अन् आतड्याचा विषाणू फुफ्फुसाचा झाला, 1984 मध्ये बेल्जियममध्ये तो सापडला.

म्हणून डुकरीण एन-एलायझात पॉझिटिव्ह आली तर तिला लागण होऊन गेली किंवा पूर्ण विषाणूची लस मिळाली एवढंच धरा. वारेतून पिल्लाला अँटीबॉडी जात नाहीत, जे काय मिळते ते चिकातून अन् दुधातून, तर पिल्लं वाचतील का हे पाहायचं असेल तर दुधातल्या स्पाइकविरोधी आयजीएची (आतड्याचं रक्षण करणारी अँटीबॉडी) टेस्ट मागा.