काकूंच्या रकान्यातला चहा

"ताई, देवाच्या कामात माणूस दमतो का हो?" पहिल्याच व्हिडिओ कॉलवर काकूंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका मागून म्हणाले, "दमत नाही. श्रद्धा कमी पडली की दमतो."

मी समुपदेशक. हाच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येत असतो. निवृत्तीनंतर एखाद्या संस्थेत पूर्णवेळ राबणारे, वारीत दवाखाना चालवणारे, नातवंडं सांभाळायला लेकाकडे सिडनीला गेलेले. सगळे आपल्या हौसेने गेलेले, कुणी ढकललेलं नसतं. सहा-आठ महिने सरले की झोप उडते, जोडीदाराच्या खोकल्याचासुद्धा राग येतो. आणि तक्रारीची सोय नाही, कारण "तुम्हीच तर हट्टाने गेलात" हे वाक्य समोरच्याच्या ओठावर तयारच असतं. काका-काकूंची ही गोष्ट त्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका 66 वर्षांचे, काकू 63 च्या. दोघे नगरचे. (आता अहिल्यानगर, पण आमच्या जिभेवर अजून नगरच.) काकांनी जन्मभर हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त केली. काकू मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. चर्चच्या मंडळीतल्या ओळखीतून ते आफ्रिकेतल्या मलावी देशात एका मिशन हॉस्पिटलात सेवेला गेले. राहायला घर मिळालं, बाकी खर्च स्वतःच्या पेन्शनमधून. मी विचारलं, किती दिवसांसाठी? काका म्हणाले, "प्रभू ठेवेल तितके." मी ते वहीत लिहून घेतलं, पण त्याखाली रेघ मारायला हवी होती, ती मारली नाही. ती चूक पुढे महागात पडली.

आमची वेळ बुधवारी रात्री आठची, म्हणजे तिथली दुपारचे साडेचार. दोघांची तक्रार एकच: भांडतो. कशावरून? तर गाडीची किल्ली कुठे ठेवली, मीठ का संपलं. पस्तीस वर्षांच्या संसारात कधी एवढं भांडलो नाही, असं दोघेही एका सुरात म्हणाले. तेवढ्यापुरतं तरी एकमत दिसलं.

काकूंना झोप नव्हती आणि विचित्र स्वप्नं पडत होती. मी मलेरिया टाळायच्या गोळीची चौकशी केली. परदेशी सेवेला गेलेल्यांना हा प्रश्न मी पहिल्या भेटीतच विचारते. काकू आठवड्यातून एकदा मेफ्लोक्विन घेत होत्या. या औषधाने काहींना झोपेचा त्रास, भीतिदायक स्वप्नं, अस्वस्थपणा होतो हे माहीत असलेलं आहे. औषध बदलणं माझं काम नव्हे, म्हणून तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळी बदलली आणि काही आठवड्यांत स्वप्नं थांबली. भांडणं थांबली नाहीत.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. ही दमणूक आहे असं ठरवून आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा घ्यायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट' रोगवर्गीकरणात घेतलं ते नोकरीतल्या ताणापुरतं, आणि नोकरीत सुट्टी टाकता येते. इथे पगार नाही, साहेब नाही, राजीनामा द्यायचा तर कुणाच्या टेबलावर ठेवायचा? शनिवार सुट्टीचा ठरला. पहिल्याच शनिवारी सकाळी दारात माणसं, "आज तुम्ही मोकळे आहात ना?" दुसऱ्या शनिवारी गावात कुणी वारलं. तिथे अंत्यविधीला गेलं नाही तर ते माणसं विसरत नाहीत. दोघं दिवसभर तिकडेच. तिसऱ्या शनिवारी कुणी आलं नाही, तर दोघं घरात समोरासमोर बसून दुपारपर्यंत तीनदा भांडले. "तुमच्या सुट्टीनं जास्तच झालं," काकू म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. सात दिवसांचा तासवार हिशोब मागितला. शाळेच्या वहीचं जोडपान, उभी रेघ पट्टीने मारलेली. डावीकडे काकांची निळी शाई, उजवीकडे काकूंची पेन्सिल. त्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले ते मी छापून टेबलावर पसरले.

काकांचा रकाना वाचायला मजा येत होती. सोमवार: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दोन, फिल्टर धुळीने बंद, धुऊन वाळवले. मंगळवार: ऑटोक्लेव्हचं रबर गेलं, जुन्या ट्यूबमधून कापून बसवलं (चालेल का बघू). बुधवार: फिरत्या दवाखान्याची गाडी, बॅटरी. संध्याकाळी घरी बायबल अभ्यास. गुरुवार: पाळकसाहेबांचा पंप. शुक्रवार: व्होल्टेज चढलं, लॅबचा फ्रिज. रविवार: उपासना साडेतीन तास, चार गायनमंडळं. एकेका ओळीत माणूस उजळलेला दिसत होता.

काकूंच्या रकान्यात मंगळवारी सकाळी नर्सिंगच्या मुलींचा वर्ग होता, गुरुवारी बायकांचं शिवणकाम होतं. मधे मधे फक्त एक शब्द. चहा, 4 जण. चहा, 7. चहा, पाळकसाहेब आणि 2. बिस्किटं संपली. चहा. मी पेन घेऊन मोजले: सात दिवसांत एकोणीस वेळा. काकांच्या अख्ख्या रकान्यात चहा एकदाही नव्हता, जणू तो आपोआप होत असावा. आणि गुरुवारी दुपारी तीनच्या चौकोनात काकूंनी लिहिलं होतं, "बसले." मग तेही पेन्सिलीने खोडलेलं.

पुढच्या बुधवारी मी ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. काकू काही बोलणार तोच तिकडची वीज गेली. पडदा काळा झाला आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका जनरेटर बघायला निघाले होते. जनरेटरला वेगळा माणूस आहे, हे मला नंतर कळलं. फोन बॅटरीवर चालू होता. काळ्या पडद्यामागून काकूंचा आवाज तेवढा राहिला.

"रिटायर झाल्यावर तीन वर्षं हे गॅलरीत पेपर घेऊन बसायचे ताई. अख्ख्या कॉलनीत कुणी एक मिक्सर दुरुस्तीला आणला नाही. इथे सकाळी उठल्यापासून 'आबाम्बो, आबाम्बो'." चिचेवा भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला अशी हाक मारतात. "मी कशी म्हणू परत चला? आणि मी कुठे यायचं म्हणाले होते? हे निघाले म्हणून मी बॅग भरली."

पाच महिन्यांत हे पहिल्यांदा बाहेर आलं, तेही काका खोलीत नसताना. ते काकांपासून लपवून ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. जोडप्याच्या समुपदेशनात एकाचं गुपित खिशात घेऊन बसलं की काम संपलंच. काकूंना सांगितलं, हे तुम्हीच त्यांना सांगा, मी समोर असेन. त्यांना दोन आठवडे लागले.

मी ख्रिस्ती नाही. शास्त्राचे दाखले देण्याचा आगाऊपणा करत नाही, पण विचारते जरूर. "तुमच्या बायबलात दमलेला माणूस कोणी आहे का?" काका गप्प. काकू पटकन म्हणाल्या, "एलीया. झुडपाखाली पडून म्हणाला, पुरे झालं आता, माझा जीव घे." मग देवाने काय केलं? "दूत पाठवला. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं." श्रद्धेवरून बोलला नाही? "एक शब्द नाही." काका खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, तेही मेसेजने: मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा, तेव्हा इथ्रोने त्याला माणसं नेमायला सांगितलं. खाली आणखी एक ओळ: "सांगणारा सासरा होता म्हणून ऐकलं असावं."

खरी कुस्ती झाली ती परतीच्या तारखेवरून. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 मध्ये. त्या गावात वाढलेल्या काकांच्या मनातली मिशनरी म्हणजे सिंथिया फॅरार: 1827 ला मुंबईत उतरलेली आणि 1862 ला नगरच्याच मातीत गेलेली. जो परत जातो तो पाहुणा, असं त्यांचं ठाम गणित. मी त्यांना अमेरिकेतल्या लेटर-डे सेंट्सच्या (मॉर्मन पंथाच्या) ज्येष्ठ जोडप्यांबद्दल सांगितलं. तीही स्वखर्चाने परदेशी सेवेला जातात, पण निघताना सहा, बारा, अठरा की तेवीस महिने हे ठरवून निघतात. काकांना ते पटलं नाही. "ते कॉन्ट्रॅक्ट झालं," म्हणाले. पटवलं काकूंनी. "आमच्या मिरजेचं हॉस्पिटल काढणारे वानलेस डॉक्टर गेलेच की 1928 ला परत. म्हणून हॉस्पिटल बंद पडलं?"

काका यावर काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या प्रमुखांशी बोलून त्यांनी महिना ठरवला, आणि दोन तरुण मुलं हाताखाली मागून घेतली. तारीख ठरल्यावर भांडणं लगेच कमी झाली, ही मलाही नवलाची गोष्ट होती. काकू म्हणाल्या, आता मीठ संपलं तर संपलं, मोजकेच पुडे आणायचे आहेत.

चहाचं काकांनीच सोडवलं. व्हरांड्यात फ्लास्क आणि कप. आलेल्याने ओतून घ्यायचा आणि कप विसळून ठेवायचा. बुधवारचा चहा काका करतात. पाणचट होतो असा काकूंचा अहवाल आहे.

आणि काकूंनी मोकळ्या झालेल्या वेळाचं काय केलं? मी वाचन, चालणं असलं काही सुचवणार होते. त्या मंगळवारी दुपारी वॉर्डामागच्या शेडमध्ये जाऊन बसू लागल्या. मलावीत रुग्णाचं खाणंपिणं नातेवाईक बघतात. त्या शेडमध्ये बायका चुली मांडून न्सिमा घोटतात, मक्याच्या पिठाचा पांढरा घट्ट गोळा. सोबत भाजी, कधी नांडोलो. नांडोलो म्हणजे आपली तूरच. मलावीची तूर भारतात येते, 2021 च्या करारात वर्षाला 50 हजार टनांचं बोलणं झालं होतं, हे काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की समोरची बाई सुपात तूर पाखडते आहे आणि हात अगदी त्यांच्या आईसारखा फिरतो आहे. त्यांनी दुसरं सूप मागून घेतलं. कागदावर बघाल तर काम वाढलंच. त्या दिवशी रात्री सात तास झोपल्या.

सगळं जमलं असं नाही. लेकाचा राग अजून आहे. साडेतीन तासांच्या फरकात त्याचा फोन नेहमी अवेळी पडतो, आणि नातीचा पहिला वाढदिवस हुकला तो हुकलाच. काका अजून पंप म्हटलं की चप्पल शोधतात.

गेल्या बुधवारी बोलता बोलता पुन्हा वीज गेली. पडदा काळा. मी खुर्ची सरकण्याची वाट पाहिली. कुणीतरी बाहेरून हाक मारली, "आबाम्बो!" आत शांतता.

"बसलेत," काळ्या पडद्यामागून काकू म्हणाल्या. "पण पाय हलतोय. टेबलसुद्धा हलायला लागलंय."